अकरावी-बारावीचं गणित: मराठी शाळेतून पुढे जाणाऱ्या मुलांनी काय माहीत ठेवावं

दहावीचा निकाल लागला की सीमाभागातल्या मराठी घरांत एकच चर्चा असते. सायन्स घ्यायचं की कॉमर्स? सायन्स घेतलं तर गणित ठेवायचं की सोडायचं? दहावीला गणितात ८०-९० गुण मिळवलेली मुलं अकरावीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच "मला गणित जमत नाही" असं म्हणू लागतात. काही जण विषय बदलतात, काही जण कशीबशी दोन वर्षं काढतात.

यातल्या बऱ्याच मुलांचं गणित कच्चं नसतं. शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी आणि अभ्यासक्रमाचा वेग दुप्पट, हे तिन्ही बदल एकाच वेळी अंगावर येतात. यातली कुठली अडचण गणिताची आणि कुठली भाषेची, हे ओळखता आलं तर निम्मं काम होतं. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीपासून गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादपर्यंतच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी ही माहिती एका जागी देत आहोत.

दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात?

बोर्ड कुठलंही असलं तरी अकरावी-बारावीच्या गणिताचा गाभा सारखाच आहे. एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकांत अकरावीला १४ आणि बारावीला १३ प्रकरणं आहेत.

अकरावी: संच, संबंध आणि फलं, त्रिकोणमितीय फलं, संमिश्र संख्या, असमानता, मांडण्या आणि निवडी मोजण्याच्या रीती (पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन), द्विपद प्रमेय, श्रेढी, सरळ रेषा, वर्तुळ-अन्वस्त वगैरे शांकव, त्रिमितीय भूमितीची ओळख, सीमा आणि विकलन, सांख्यिकी, संभाव्यता.

बारावी: संबंध आणि फलं, व्यस्त त्रिकोणमितीय फलं, मॅट्रिक्स, निश्चयक, सातत्य आणि विकलन, विकलनाचे उपयोग, संकलन, संकलनाचे उपयोग, विकलक समीकरणं, सदिश, त्रिमितीय भूमिती, रेषीय नियोजन (लिनिअर प्रोग्रॅमिंग), संभाव्यता.

ही यादी वाचून घाबरू नका. यातले बरेच धडे साखळीसारखे एकमेकांत अडकलेले आहेत. फल कळलं की सीमा कळते, सीमेवरून विकलन, विकलनावरून संकलन आणि त्यावरून विकलक समीकरणं. त्रिकोणमिती तर जवळपास सगळीकडे लागते. अकरावीच्या सुरुवातीला त्रिकोणमितीची सूत्रं पाठ झाली नाहीत तर त्याचा फटका बारावीत संकलन करताना बसतो. तेव्हा मुलगा म्हणतो "इंटिग्रेशन अवघड आहे", पण अडलेलं असतं वर्षभर मागे.

दहावीचा "चढ" हाच पुढचा डेरिव्हेटिव्ह

अकरावीत सगळ्यात जास्त भीती वाटते ती कॅल्क्युलसची, म्हणजे विकलन-संकलनाची. त्याची मूळ कल्पना मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला आधीच माहीत असते.

निर्देशक भूमितीत आपण रेषेचा "चढ" शिकतो. रेषा किती वर जाते, भागिले किती पुढे जाते, तो चढ. सरळ रेषेचा चढ सगळीकडे सारखा असतो. पण बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जाताना रस्त्याचा चढ प्रत्येक वळणावर बदलतो. मग "इथं, या ठिकाणी चढ किती?" हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर काढायची रीत म्हणजे विकलन.

एक उदाहरण पाहू. य = क्ष² असा वक्र घेतला. क्ष = ३ असताना य = ९.

क्ष ३ वरून ४ वर नेला तर य ९ वरून १६ झाला. चढ ७.
क्ष ३ वरून ३.१ वर नेला तर य ९.६१ झाला. चढ ०.६१ भागिले ०.१, म्हणजे ६.१.
क्ष ३ वरून ३.०१ वर नेला तर य ९.०६०१ झाला. चढ ६.०१.

दुसरा बिंदू जितका जवळ आणावा तितका चढ ६ च्या जवळ जातो. हे "जवळ जाणं" म्हणजे सीमा, इंग्रजीत लिमिट. आणि ६ हा त्या बिंदूपाशी वक्राचा चढ, म्हणजे डेरिव्हेटिव्ह. क्ष² चा डेरिव्हेटिव्ह २क्ष हे सूत्र इथूनच येतं. क्ष च्या जागी ३ ठेवा, ६ मिळतात.

संकलनाचंही तसंच. वक्राखालचं क्षेत्रफळ काढायला त्याच्या अगदी बारीक उभ्या पट्ट्या पाडायच्या आणि त्या सगळ्यांची बेरीज करायची. याच वक्राखालचं ० ते ३ मधलं क्षेत्रफळ नेमकं ९ येतं.

कॉलेजात सर "स्लोप ऑफ द टँजंट" म्हणतात तेव्हा ज्याच्या डोक्यात "स्पर्शिकेचा चढ" उमटतो, त्याला ते लगेच समजतं. ज्याला नुसते चार इंग्रजी शब्द ऐकू येतात, तो सूत्र पाठ करतो आणि चाचणीत विसरतो. म्हणून मराठी शब्द टाकून देऊ नका. त्याला इंग्रजी शब्दाची जोड द्या.

दोन भाषांची वही

यासाठी २०० पानी वेगळी वही करायची गरज नाही. नेहमीच्या वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखा. सुरुवात या शब्दांपासून करता येईल:

संच – सेट
फल – फंक्शन
प्रांत – डोमेन
सीमा – लिमिट
सातत्य – कंटिन्युइटी
विकलन किंवा अवकलन – डिफरन्शिएशन
संकलन किंवा समाकलन – इंटिग्रेशन
निश्चयक – डिटर्मिनंट
सदिश – व्हेक्टर
अदिश – स्केलर
चढ – स्लोप
स्पर्शिका – टँजंट
अन्वस्त – पॅराबोला
अपास्त – हायपरबोला
संभाव्यता – प्रॉबेबिलिटी
प्रमेय – थिअरम
सिद्धता – प्रूफ
व्यत्यास – कॉन्व्हर्स

इंदूर-ग्वाल्हेरकडं हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांनी थोडं जपून राहावं. सदिश, अवकलन, समाकलन हे शब्द हिंदीतही तेच आहेत. पण संभाव्यतेला हिंदी पुस्तकात प्रायिकता म्हणतात, निश्चयकाला सारणिक आणि अन्वस्ताला परवलय. बडोद्याच्या मुलांना गुजरातीतले विकलन, संकलन, निश्चायक हे शब्द मराठीला जवळचे वाटतील. मात्र फंक्शनला तिथं विधेय म्हणतात, मराठी व्याकरणातल्या विधेयाशी त्याचा घोळ करू नये.

शब्दाचा अर्थ नीट पाहायचा असेल तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यात गणितावरच्या नोंदी आहेत.

गुण जातात ते छोट्या इंग्रजी शब्दांमुळे

डिटर्मिनंटसारखे मोठे शब्द मुलं आठवडाभरात शिकतात. घात होतो तो प्रश्नातल्या साध्यासुध्या शब्दांनी. हे बघा:

अ‍ॅट लीस्ट – कमीत कमी
अ‍ॅट मोस्ट – जास्तीत जास्त
एक्झॅक्टली – नेमके तेवढेच
इफ अँड ओन्ली इफ – तर आणि तरच
सच दॅट – असा की
रिस्पेक्टिव्हली – अनुक्रमे
डिस्टिंक्ट – एकमेकांपेक्षा वेगळे
नॉन-निगेटिव्ह – ऋण नसलेली, म्हणजे शून्य धरून
विथ रिप्लेसमेंट – काढलेली वस्तू परत ठेवून
गिव्हन दॅट – अमुक घडलंच आहे असं धरून
इन टर्म्स ऑफ – अमक्याच्या रूपात
हेन्स – आत्ताच जे सिद्ध केलं त्याचा वापर करून

एक नाणं ५ वेळा उडवलं. "एक्झॅक्टली" एक छापा येण्याची संभाव्यता ५/३२. "अ‍ॅट मोस्ट" एक छापा म्हणजे शून्य किंवा एक, म्हणून ६/३२. "अ‍ॅट लीस्ट" एक छापा म्हणजे एकही छापा न येणं सोडून बाकी सगळं, म्हणून ३१/३२. प्रश्न तोच, नाणं तेच, दोन शब्दांनी उत्तर ५/३२ चं ३१/३२ होतं. ज्या मुलाला मराठीत विचारलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं, त्याचे इथं पूर्ण गुण जातात. आणि घरी सांगितलं जातं, "गणितात कमी पडला."

चाचणीचा पेपर हातात आला की चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे एक खूण करा: "रीत चुकली", "आकडेमोड चुकली" की "प्रश्न समजला नाही". तीन-चार चाचण्यांत चित्र स्पष्ट होतं. तिसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त असतील तर गणिताची ट्यूशन लावून फारसा उपयोग नाही. दहा प्रश्न नुसते वाचायचे आणि त्यांचा अर्थ मराठीत सांगायचा, हा सराव रोज करा.

कुठल्या राज्यात काय?

कर्नाटक: दहावीनंतर दोन वर्षांचं पीयूसी. गणितासह पीसीएमबी, पीसीएमसी (संगणक), पीसीएमई (इलेक्ट्रॉनिक्स), पीसीएमएस (सांख्यिकी) असे गट असतात. पुस्तकं एनसीईआरटीची. अभियांत्रिकीसाठी केसीईटी असते, त्यात गणिताचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभियांत्रिकीच्या रँकसाठी पीयूसी दुसऱ्या वर्षाचे पीसीएमचे गुण आणि केसीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरतात. त्यामुळे बोर्डाचा अभ्यास बाजूला ठेवून चालत नाही.

महाराष्ट्र: विषयाचं नाव "गणित आणि संख्याशास्त्र". विज्ञान शाखेचा पेपर आणि कॉमर्सचा पेपर वेगवेगळा. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. साधारण २० टक्के भाग अकरावीवर, बाकी बारावीवर. इथंही चुकीला गुण कापत नाहीत. आणि लक्षात घ्या, या परीक्षेचा गणिताचा पेपर महाराष्ट्रातही इंग्रजीतच असतो. म्हणजे "महाराष्ट्रात गेलो की मराठीत गणित" असं नाही. भाषेची ही पायरी सगळ्यांनाच चढावी लागते.

गोवा: गोवा बोर्डाची एचएसएससी. गणित एनसीईआरटीच्या धर्तीवर.

मध्य प्रदेश: एमपी बोर्ड, हिंदी किंवा इंग्रजी माध्यम, पुस्तकं एनसीईआरटीवर आधारित.

गुजरात: विज्ञान शाखेत गणिताचा ए ग्रुप, जीवशास्त्राचा बी ग्रुप. दोन्ही घेणाऱ्यांचा एबी. गुजसेटमध्ये गणिताचे ४० प्रश्न, वेळ ६० मिनिटं.

तेलंगण: इंटरमीजिएटचा एमपीसी गट. गणिताचे दरवर्षी दोन पेपर, पहिल्या वर्षी एक-ए आणि एक-बी, दुसऱ्या वर्षी दोन-ए आणि दोन-बी, प्रत्येकी ७५ गुणांचे. ईएपीसीईटीत अभियांत्रिकीच्या १६० प्रश्नांपैकी ८० गणिताचे, म्हणजे निम्मा पेपर गणिताचा.

जेईई मेन: देशभर एकच. गणिताचे २५ प्रश्न, १०० गुण. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ कापला जातो. ही परीक्षा १३ भाषांत होते, त्यात मराठीही आहे. पण मराठी प्रश्नपत्रिकेचा पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांसाठीच असतो. बेळगावचं केंद्र निवडलं तर मराठी पेपर मिळणार नाही. अर्ज भरताना भाषा आणि केंद्र दोन्ही एकत्र बघा. पुढची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते.

सीमा ओलांडून शिकताना

चंदगड भागातली मुलं बेळगावात पीयूसीला येतात, बेळगाव-निपाणीची मुलं कोल्हापूरला जातात. यात तीन गोष्टी आधीच तपासायला हव्यात.

पहिली, अभ्यासक्रमातला फरक. कर्नाटकात पीयूसी करून एमएचटी-सीईटी द्यायची असेल तर काही भाग वेगळा शिकावा लागतो. गणितीय तर्कशास्त्र, रेषांच्या जोडीचं समीकरण, त्रिमितीतलं प्रतल, त्रिकोणासाठीचे साइन-कोसाइन नियम आणि द्विपद वितरण हे महाराष्ट्राच्या बारावीत आहे. एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकांच्या मुख्य अभ्यासक्रमात ते नाही किंवा वगळलं गेलं आहे. बालभारतीच्या बारावी गणिताचे दोन्ही भाग इंटरनेटवर मोफत मिळतात, त्यातली एवढी प्रकरणं काढून करावीत. एनसीईआरटीची पुस्तकंही तशीच मोफत आहेत.

दुसरी, प्रवेशाची पात्रता. कर्नाटकात सरकारी कोट्यातल्या जागेसाठी सर्वसाधारण नियमात राज्यात किमान ७ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. नुसती पीयूसीची दोन वर्षं पुरत नाहीत. महाराष्ट्रातून येऊन बेळगावात पीयूसी केलेल्या मुलांनी आई किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला जपून ठेवावा, परत जाताना तो लागतो.

तिसरी, सीमाभागाची सवलत. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी "टाइप ई" असा वेगळा उमेदवारी प्रकार आहे. दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली असावी, रहिवास तिथला असावा आणि त्याचे दाखले असावेत. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांतल्या अनेक पालकांना हे प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात कळतं, तेव्हा कागद जमवायला वेळ उरत नाही. बारावीच्या वर्षातच कागद तयार ठेवा. नियमांत दरवर्षी छोटे बदल होतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा.

गणित सोडलं तर काय बंद होतं?

गणित न घेणं हा गुन्हा नाही. डॉक्टर, नर्सिंग, कृषी, कला, कायदा हे रस्ते मोकळे राहतात. बी.फार्म.ला गणिताऐवजी जीवशास्त्र चालतं. पण काय बंद होतं ते माहीत असावं:

• अभियांत्रिकीच्या जवळपास सगळ्या शाखा.
• आर्किटेक्चर.
• एनडीएमधलं नौदल आणि हवाई दल. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो. फौजी परंपरा असलेल्या आपल्या भागातल्या मुलांनी हे नक्की लक्षात ठेवावं.
• मर्चंट नेव्हीचे पदवी अभ्यासक्रम.
• गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र यांची पदवी, आणि दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्रासारखे काही अभ्यासक्रम.

अजून एक. पीयूसी कॉमर्सचं "बेसिक मॅथ्स", महाराष्ट्रातलं कॉमर्सचं गणित किंवा सीबीएसईचं "अप्लाइड मॅथेमॅटिक्स" हे विज्ञान शाखेच्या गणिताला पर्याय नाहीत. नाव सारखं वाटतं म्हणून फसू नका.

सुट्टीपासून दिवाळीपर्यंत

निकाल आणि कॉलेज सुरू होण्याच्या मधले दिवस सोन्यासारखे आहेत. त्यात दहावीतले पाच धडे पुन्हा पक्के करा: अवयव पाडणे, घातांकाचे नियम, वर्गसमीकरण, त्रिकोणमितीची सूत्रं, निर्देशक भूमिती. नवीन काही करायला नको, पण हे करताना प्रत्येक शब्दाचं इंग्रजी नाव शेजारी लिहा.

कॉलेज सुरू झाल्यावर रोज एक तास, हातानं सोडवून. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण कागदावर पेन टेकवलं की खरं कळतं. आधी पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं उत्तर झाकून करा, मग स्वाध्याय, मग जुन्या प्रश्नपत्रिका. वर्गात न समजलेलं त्याच आठवड्यात विचारा. इंग्रजीत विचारायला संकोच वाटत असेल तर तास संपल्यावर मराठीत विचारा, सर मराठी नसले तर मोडक्या इंग्रजीत विचारा. चुकीच्या इंग्रजीमुळे गुण जात नाहीत, न विचारल्यामुळे जातात.

पालकांनी पहिल्या चाचणीवरून निर्णय घेऊ नये. दहावीला ९० मिळवणाऱ्या मुलाला अकरावीच्या पहिल्या चाचणीत ३५ पडले तर आई-बाबांना धक्का बसतो, ते साहजिक आहे. पण तो पेपर हातात घेऊन त्यावरच्या खुणा बघा. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर "प्रश्न समजला नाही" या खुणा कमी होत असतील तर मूल योग्य वाटेवर आहे.

नववी-दहावीच्या मराठी शाळांतल्या गुरुजी-बाईंनाही एक विनंती. फळ्यावर "निश्चयक" लिहिताना शेजारी "डिटर्मिनंट" लिहिलं, "कमीत कमी" शिकवताना एकदा "अ‍ॅट लीस्ट" म्हटलं, तर त्याला पाच सेकंद जास्त लागतात. दोन वर्षांत असे दीडशे-दोनशे शब्द मुलांच्या कानावरून जातील. पुढच्या कॉलेजात ही मुलं पहिल्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसणार नाहीत.